चाळीस किलोहर्ट्झ

ओपन-बॅक हेडफोन जव्हारला पावसाळ्यात वापरू नये, हे एकाही समीक्षकाने लिहून ठेवलेलं नाही. त्यांच्या घरांवर पत्रे नसावेत. या जातीच्या हेडफोनच्या वाट्यांना मागून जाळी असते, त्यामुळे गाणं डोक्यात न घुमता समोर मांडल्यासारखं ऐकू येतं. याला आम्ही जाणकार ‘साउंडस्टेज’ म्हणतो. पण जाळीतून आतलं बाहेर जातं तसं बाहेरचंही आत येतं. जुलैमध्ये माझ्या साउंडस्टेजवर किशोरीताई यमन मांडू लागल्या की त्यांच्या पुढ्यात पत्र्यावरचा पाऊस येऊन बसतो, तोही थेट द्रुत लयीत.

त्यात माझा लाडका सेनहायझर एचडी ६०० पडला ३०० ओहमचा. हे मॉडेल १९९७ सालचं, हे मी पाहुण्यांना अशा थाटात सांगतो की जणू त्याच्या बारशाला मी हजर होतो. ३०० ओहम म्हणजे मोबाईलला तो दाद देत नाही. त्याला अ‍ॅम्प्लिफायर लागतो, अ‍ॅम्प्लिफायरला वीज लागते, आणि आमच्याकडे ढग गडगडला की लाईट जाते. मग मी अंधारात हजारो रुपयांचा हेडफोन लावून पाऊस ऐकतो. तो फुकटच होता.

क्लोज्ड-बॅकही घेऊन पाहिला. त्याच्या गाद्यांना श्रावणाआधी बुरशी आली. शिवाय बायको “अहो, तीन शिट्ट्यांवर गॅस बंद करा” असं सांगून शेजारी गेली, आणि त्या दिवशी डाळीच्या वासाने मला जे कळलं ते कानांनी कळवलं नाही. हेडफोन इथे दुकानात ऐकून घेता येत नाहीत. नंतर घरी मात्र बरंच ऐकून घ्यावं लागतं.

म्हणून मी आलेखावरून निवडतो. कुठला स्वर किती उचललाय, कुठला दाबलाय याची ती वेडीवाकडी रेघ मी उपवर मुलाच्या पत्रिकेसारखी वाचतो. तीन किलोहर्ट्झजवळचा उंचवटा बघून ‘हं’ म्हणतो, आठजवळचं टोक दिसलं की कपाळाला आठी घालतो. आता नव्या हेडफोनच्या खोक्यावर सोनेरी शिक्का होता: हाय-रेस, ४० किलोहर्ट्झपर्यंत. माणसाचे कान तरुणपणी फार तर २० पर्यंत पोचतात, हे मला ठाऊक होतं. पण शिक्का सोनेरी होता. एकदा पुतणीसमोर ऐट मारायला मोबाईलवर चढत्या सुराची चाचणी लावली. बारा किलोहर्ट्झच्या पुढे मला परमशांती लाभली. सोळाला पुतणी ओरडली, “काका, बंद कर ना, कानात टोचतंय!” म्हणजे वरचे २८ किलोहर्ट्झ मी गावातल्या वटवाघळांसाठी घेतले. त्यांचा अभिप्राय अजून आलेला नाही.

तरी एका गोष्टीचा मला मनापासून राग आहे. जगभरचे हेडफोन त्याच त्या गाण्यांवर तपासतात. ईगल्सचं १९९४ चं थेट मैफलीतलं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ लावलं नाही, तर समीक्षकाचा परवाना रद्द होत असावा. एमपीथ्री घडवणाऱ्या कार्लहाइन्झ ब्रँडेनबर्गने तर सुझॅन व्हेगाच्या ‘टॉम्स डायनर’वर आपलं तंत्र घासूनपुसून घेतलं. वाद्य नाही, नुसता एका बाईचा गळा. तो गळा नीट वाजेपर्यंत त्याने ते गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं. त्याला कोणी तारपा ऐकवला असता तर?

तारपा म्हणजे वाळवलेल्या दुधी भोपळ्याचं पोट, त्यात बसवलेल्या जिभाळीच्या दोन बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजवायला मेण. ओहम नाहीत, खोकं नाही, शिक्का नाही. भातकापणी झाली की तो वाजू लागतो. वादक गालात हवा साठवून नाकाने श्वास घेतो, त्यामुळे सूर तुटत नाही. नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फिरतात आणि त्याला पाठ दाखवत नाहीत. त्याने चाल बदलली की पावलं बदलतात. मी आयुष्यभर खुर्चीत बसून ज्या साउंडस्टेजसाठी पैसे मोजले, तो इथे माणसांना धरून गोल फिरतो.

जव्हारजवळच्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडांना याच वादनासाठी २०२६ ची पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा मी घरात असा वावरलो की शिफारस माझीच होती. पण वारली चित्रातला तारपानाच उशीच्या अभ्र्यांवर, चहाच्या कपांवर, विमानतळांच्या भिंतींवर जाऊन पोचला. मधोमध उभा असलेला तो माणूस काय वाजवतोय, हे अभ्रा विकत घेणाऱ्याने कधी ऐकलंय? पाड्यांवरच्या लग्नातही आता डीजेच्या भिंती येतात. त्या बाबतीत मात्र माझ्या कानांना काही कमी ऐकू येत नाही.

पावसावर उतारा म्हणून मी शेवटी नॉइज कॅन्सलिंग घेतला. बाहेरचा आवाज टिपायचा आणि त्याची उलटी लाट सोडून तो मारायचा, ही कल्पना अमर बोस यांना १९७८ साली विमानात सुचली. विमानात ती उत्तम चालत असेल. मोखाड्याच्या घाटात एसटीची घरघर तिने गिळली, सुट्ट्या पैशांसाठी चिडलेला कंडक्टर तसाच ठेवला. पावसाचीही खालची गुरगुर गेली, वरचा सडसडाट राहिला. या यंत्राला एकसारखा, न थांबणारा, खालच्या पट्टीतला घुमारा तेवढा शत्रू वाटतो.

फोनच्या रेकॉर्डिंगमध्येही आवाज स्वच्छ करण्याची अशीच सोय असते, हे माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. दिवाळीनंतर एका पाड्यावर म्हाताऱ्या तारपावाल्या बाबांचं वादन मी फोनवर टिपलं. मग मोठ्या ऐटीत माझा हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला. न तुटणारा सूर म्हणजे गोंगाट, असं फोनने परस्पर ठरवून जागोजागी कापला होता. बाबांनी डोळे मिटून थोडं ऐकलं, मग एक वाटी कानावरून सरकवली.

“कोण वाजवतोय हा? दम लागलाय त्याला.”

“बाबा, तुम्हीच आहात!”

त्यांनी माझ्याकडे, मग हेडफोनकडे पाहिलं, आणि तो नातवाच्या डोक्यावर ठेवला. नातवाने त्यात रील लावलं.

सध्या मी मायक्रोफोनांची तुलना करतोय. एकाची रेघ अगदी सरळ आहे, नुसती बघत बसावी अशी. खोक्यावर सोनेरी शिक्काही आहे. बायकोला अजून सांगितलेलं नाही, तिने शिट्ट्यांबद्दल विचारणं थांबवलं की सांगेन.