गुडघ्याचा जबाब दुसऱ्या दिवशी घ्या

रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायवाटेवर जमणारी गर्दी पाहून बरं वाटतं. सोमवारी त्यातलेच काही जण ऑफिसच्या जिन्यावर कठडा धरून, आडवे होत एकेक पायरी उतरतात, तेव्हा राग येतो. सहा दिवस खुर्चीत बसायचं आणि सातव्या दिवशी घड्याळ लावून गड चढायचा-उतरायचा. गुडघ्यांच्या बाबतीत तरी याला व्यायाम म्हणायला मी तयार नाही. ही जबरदस्ती आहे.

घात होतो तो उतरताना. चढताना दम लागतो, त्यामुळे माणूस आपसूक थांबतो. उतरताना दम लागत नाही, म्हणून उड्या मारत सुटतो. पण त्याच वेळी मांडीचे पुढचे स्नायू ताणले जाता जाता अंगाचं वजन पेलत असतात आणि गुडघ्याच्या वाटीमागे वजनाच्या कित्येक पट दाब पडत असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या यामुळे. या भरून येण्याला घाबरायचं कारण नाही. चार-पाच दिवसांत ते ओसरतं. सूज, गुडघा अडकणं, पाय टेकवता न येणं, झोपेतून उठवणारी कळ, ही मात्र वेगळी गोष्ट. तिथे तेल चोळत बसू नका, हाडांच्या डॉक्टरकडे जा.

आणि वेदनाशामक गोळी घेऊन धावायला जाणाऱ्यांनो, हे आधी थांबवा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करू शकतात. घामाने अंगातलं पाणी घटलेलं असताना हा धोका वाढतो. शिवाय थांबायची सूचना देणारी वेदनाच तुम्ही दाबून टाकलेली असते.

दुसऱ्या टोकाला सल्लागार मंडळी आहेत. गुडघा कुरकुरला की घरचे, शेजारचे, सोसायटीतले सगळे एका सुरात सांगतात, ‘‘आता चालणं बंद करा, वय झालं.’’ इतक्या मायेने दिलेला इतका नुकसानकारक सल्ला दुसरा नसेल. चालणं बंद झालं की मांडीचे स्नायू रोडावतात, गुडघ्याचा आधार जातो आणि तो आणखी दुखतो. गुडघ्याची झीज झालेल्यांसाठीही आज पहिल्या फळीचा उपचार व्यायाम हाच मानला जातो.

स्वीडनचे हाडांचे सर्जन हाकान आल्फ्रेडसन यांचं उदाहरण घ्या. त्यांची स्वतःचीच टाचेमागची जाड शीर, अकिलीस टेंडन, दुखत होती. शस्त्रक्रिया करून घ्यायला ती तुटायला हवी, म्हणून त्यांनी दुखत्या पायावर मुद्दाम भार टाकायला सुरुवात केली, असं सांगतात. शीर तुटली नाही. हळूहळू बरी झाली. 1998 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हीच पद्धत 15 हौशी धावपटूंवर वापरल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं आणि दुखऱ्या पायाची टाच सावकाश खाली सोडायची. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून. प्रत्येकी 15 च्या 3 फेऱ्या, दिवसातून दोन वेळा, 12 आठवडे. पंधराही जण पुन्हा धावू लागले.

बारा आठवडे, हे नीट लक्षात ठेवा. स्नायू लवकर बळावतात, दम त्याहून लवकर वाढतो, पण टेंडनला महिने लागतात. म्हणून ‘आता मस्त जमतंय’ असं वाटून अंतर एकदम दुप्पट केलं की नेमकी तेव्हाच टाच धरते.

मग किती दुखलं तर चालेल? टेंडनच्या दुखण्यात अनेक फिजिओ एक साधी मोजपट्टी देतात. शून्य ते दहामध्ये दुखणं पाचाच्या वर जाऊ द्यायचं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्ववत व्हायला हवं आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये. सकाळी जास्त दुखलं, तर काल जास्त झालं. पुढच्या वेळी कमी करा.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास भरभर चालणं. पुण्यात त्यासाठी गड लागत नाही. पर्वतीच्या शंभरेक पायऱ्या आणि जवळची टेकडी पुरे. गड जरूर चढा, पण आठवडाभर पाय तयार करून. उतरताना हातात काठी घ्या, पावलं छोटी टाका आणि घड्याळाकडे बघू नका.

दुखतंय म्हणून घरी बसू नका. दुखत असूनही दामटू नका. भार निम्मा करा आणि व्यायाम चालू ठेवा.