देवरूख, आकडा?

आमच्या ग्रुपात माणसांना नावं नाहीत, गावं आहेत. आंबोली, महाबळेश्वर, दापोली, चिपळूण, साखरपा, आटपाडी, सांताक्रूझ असे आम्ही त्रेचाळीस जण व्हॉट्सॲपवर पाऊस मोजतो. म्हणजे मोजतो आपापल्या अंगणात आणि सांगतो एकमेकांना. मी कोथरूड.

सकाळी साडेआठला आमचा दिवस संपतो. हा आमचा चक्रमपणा नाही, हवामान खातं चोवीस तासांचा पाऊस साडेआठ ते साडेआठ असाच मोजतं. त्यामुळे सकाळी सातला पडलेली सर आमच्या लेखी कालची. हे मी बायकोला समजावून सांगत असताना गॅसवरचं दूध उतू गेलं. घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

"काल गेलं," मी म्हणालो.

तेव्हापासून ती या ग्रुपबद्दल काही विचारत नाही.

माझं मापक बाल्कनीच्या कठड्यावर असतं. नियम असा, की मापक उघड्यावर हवं आणि जवळची भिंत किंवा झाड जितकं उंच असेल त्याच्या निदान दुप्पट अंतरावर हवं. या हिशेबानं पाच मजली इमारतीत राहणाऱ्यानं आपलं मापक शेजारच्या सोसायटीत ठेवावं आणि त्यांच्या इमारतीमुळे त्यांनी त्यांचं आमच्याकडे आणून ठेवावं. मागच्या वर्षी कोरड्या ठणठणीत दिवशी मी ६.२ मिलिमीटर पाठवले. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी गुलाबांना पाणी घातलं होतं. आता मी काहीही पाठवलं तरी कोणी ना कोणी विचारतं, "गुलाबासह?"

बाकीची मंडळीही आपापल्या आकड्यांसारखीच आहेत. दापोली निवृत्त शिक्षिका. दिवसाला ६४.५ च्या वर गेल्याशिवाय पावसाला मुसळधार म्हणायचं नाही, ही खात्याची व्याख्या त्या पाढ्यासारखी पाठ करून घेतात. आटपाडी जून-जुलैत आठवडेच्या आठवडे ०.० पाठवतात. पण कसं, तर ताठ मानेनं! भोपळ्यापुढचं टिंब आणि त्यापुढचा भोपळासुद्धा गाळत नाहीत. सांताक्रूझचं कोणतंही बोलणं शेवटी २६ जुलै २००५ वर येतं, कारण त्या दिवशी तिकडे ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच शहरात कुलाब्याला ७३. कुलाब्याचं कोणी ग्रुपात नाही हे एका परीनं बरंच आहे. आमचं एक दुबईही आहे. वर्षानुवर्षं बिचाऱ्याला आकडाच नव्हता. १६ एप्रिल २०२४ ला तिथे आभाळ फाटलं, तेव्हा मापक नसल्यानं त्यानं गच्चीत कुकरचं भांडं ठेवून मोजला आणि दापोलीनं तो आकडा बाद केला.

आणि देवरूख.

देवरूख रोज आठ वाजून बत्तीस मिनिटांनी यायचे. "देवरूख. ८७.४." बस्स. नमस्कार नाही, सुप्रभात नाही, फुलं नाहीत, सुविचार नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्यात गेलं त्या दिवशीही देवरूखचा आकडा आठ बत्तीसला हजर होता. (आमचे चिपळूण चार दिवसांनी आले आणि पहिलं वाक्य लिहिलं, "मापक वाहून गेलं, आकडा गृहीत धरा.") सहा पावसाळ्यांत देवरूख एकदाच पूर्ण वाक्य बोलले: "आज मापकात गोगलगाय होती, वजा केली आहे." गोगलगाय म्हणजे किती मिलिमीटर, यावर आम्ही दोन दिवस काढले. त्यांनी त्यात भाग घेतला नाही.

तर म्हातारा पाऊस लागून तीन-चार दिवस झाले असतील. आठ बत्तीस झाले, आठ चाळीस झाले, देवरूख नाही. पावणेनवाला आंबोलीनं विचारलं, "देवरूख, आकडा?" मेसेजपुढे एकच टिक. दुसऱ्या दिवशी तेच. एकच टिक. तिसऱ्या दिवशी सकाळी रत्नागिरी जिल्ह्याला रेड अलर्ट होता आणि ग्रुपातल्या एकाही माणसानं आपला आकडा वेळेवर पाठवला नाही, कारण सगळे देवरूखला फोन लावत होते. बाई सांगत होती, संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

काळजीत माणसं आपापलं शहाणपण घेऊन येतात. नाशिकनं पंचांग काढून या नक्षत्राचं वाहन म्हैस आहे, एवढं सांगितलं. महाबळेश्वरनं उपग्रहाचं चित्र टाकून ढगावर लाल गोल काढला, जणू देवरूख त्या ढगावरच बसले आहेत. सांताक्रूझ म्हणाले, "२६ जुलैलासुद्धा फोन लागत नव्हते."

घोटाळा दुबईनं केला. त्यानं हात जोडल्याचं चित्र टाकलं. त्याला म्हणायचं होतं, देवा, सांभाळ रे. पण मराठी माणसाच्या फोनवर त्या दोन हातांना नमस्कार, आभार, माफी आणि तेरावं असे चारही अर्थ आहेत. खाली आंबोलीनं हात जोडले, नाशिकनं जोडले. कोणी जोडले की आपण जोडायचे, या सवयीनं मीही जोडले. दहा मिनिटांत नऊ जोड्या झाल्या. चिपळूण उशिरा उठतात. त्यांनी डोळे उघडून ही रांग पाहिली आणि लिहिलं, "भावपूर्ण श्रद्धांजली. फार निगर्वी माणूस."

ग्रुप पाच मिनिटं गप्प झाला. मग दापोलीनं चिपळूणला असं झापलं, की तिथल्या तिथे त्यांच्या हातावर छडी उठली असेल. पण त्यांच्या एका प्रश्नानं आम्ही सगळेच पकडले गेलो: "निगर्वी हे तुम्हांला कुठून कळलं?"

कारण कोणालाच काही माहीत नव्हतं. त्यांच्या अंगणात एका दिवशी पडलेला पाऊस आम्हांला दशांश चिन्हानंतरच्या आकड्यापर्यंत तोंडपाठ होता. पण त्यांचं आडनाव? घरी कोण? वय किती? फोटोच्या जागी मापकाचा फोटो. मी माझ्या फोनमध्ये त्यांचा नंबर 'देवरूख पाऊस' या नावानं साठवला होता, आणि चौकशी केली तर दुबईनंही तसाच.

शेवटी साखरपा म्हणाले, मी जाऊन बघतो. साखरप्याहून देवरूख तसं जवळ. पण रेड अलर्टमध्ये दुचाकीवर. दापोलीनं त्यांना रेनकोट, पाणी आलेला साकव ओलांडायचा नाही आणि दर अर्ध्या तासानं खुशाली, असं सगळं बजावलं. आता आम्हांला दोन माणसांची काळजी होती.

तिथे पोचून विचारायचं तरी काय? साखरप्यांनी एका चहाच्या टपरीवर विचारलं, "इथे पाऊस मोजणारे कोण राहतात?"

टपरीवाल्यानं त्यांच्याकडे, मग बाहेरच्या पावसाकडे पाहिलं. "मोजायचा कशाला? दिसतोय की."

बाकड्यावरच्या एका म्हाताऱ्यानं मात्र ओळखलं. "ते सकाळी छत्री घेऊन डबा बघायला जातात, ते मास्तर काय? वरच्या वाडीत."

मास्तर ओटीवर बसून चुलीत भाजलेल्या आठळ्या सोलत होते. तीन दिवस लाइट नव्हती, फोन मेलेला. पण ते खरं कारण नव्हतं. शेजारच्या घरी इन्व्हर्टर होता, फोन तिथे भरता आला असता. पहिल्याच रात्री माडाची झावळी पडून मापकाचे दोन तुकडे झाले होते.

साखरपा म्हणाले, "अहो, कळवायचं तरी!"

"आकडाच नाही," मास्तर म्हणाले, "तर लिहू काय?"

साखरप्यांनी हे वाक्य ग्रुपात जसंच्या तसं टाकलं. बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. हातही जोडले नाहीत.

मग फोटो आला. लुंगी, बंडी, कानावर पेन्सिल, मांडीवर आठळ्यांचं सूप. दापोलीनं पहिल्यांदाच व्याख्येबाहेरचं वाक्य लिहिलं, "एवढा पाऊस पाठवणारा माणूस इतका बारीक असेल असं वाटलं नव्हतं." साखरप्यांच्या फोनवर मास्तरांनी तीन दिवसांचे सगळे मेसेज चष्मा लावून वाचले, स्वतःच्या श्रद्धांजलीपर्यंत. चिपळूणनी ती घाईघाईनं पुसली होती, पण दुबईनं तोवर स्क्रीनशॉट काढून ठेवला होता.

"निगर्वी कोणी लिहिलंय?" मास्तरांनी विचारलं.

"चिपळूणनं."

मास्तरांनी क्षणभर विचार केला. "राहू दे," म्हणाले, "बरोबर आहे."

त्या संध्याकाळी मी कोणाला न सांगता एक मापक मागवलं आणि साखरप्यांकडून पत्ता घेऊन देवरूखला पाठवून दिलं. माझ्या बाल्कनीत आहे तेच, त्याच दुकानातलं. मोठ्या मनानं केलं, ग्रुपात सांगितलंही नाही. पण ग्रुपात न सांगण्याइतकं मोठं मन आणखी तिघांचं निघालं. आंबोलीनं पाठवलं, दापोलीनं पाठवलं आणि चिपळूणनंही पाठवलं, बहुतेक प्रायश्चित्त म्हणून.

मास्तरांनी चारही मापकं अंगणात ओळीनं मांडली आहेत, झावळ्यांपासून लांब. कोणाचं मन मोडायला नको म्हणून ते आता आठ बत्तीसला चार आकडे पाठवतात. चारही वेगळे असतात. त्यांतला देवरूखचा खरा पाऊस कोणता, यावर दुपारपर्यंत भांडण चालतं, आणि आटपाडीनंही त्यात मत दिलं आहे.

आज सकाळचे आकडे असे: ४१.२, ४०.८, ४२.० आणि ५८.६. शेवटचं मापक मी पाठवलेलं आहे.