चंद्रोदय साडेसहा वाजता

भूक ही अवचित लागायची गोष्ट आहे, अशी आम्हा नवराबायकोची साठीपर्यंतची समजूत होती. भूक लागली की डबे धुंडाळायचे, चिवडा कुणी संपवला यावर वाद घालायचा, तोवर कुकरची तिसरी शिट्टी होते. कोपनहेगनला नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीने ही समजूत मोडीत काढली. "मावशी, उन्हाळ्यात इकडे याल तेव्हा आपण जगातल्या एका नामांकित ठिकाणी जेवायला जाऊ. फक्त तुम्हाला कुठल्या दिवशी, किती वाजता भूक लागणार ते मला आत्ताच सांगा." तेव्हा थंडी चालू होती. आम्ही नुकतेच हुरडा खाऊन आलो होतो, आणि पुन्हा कधी भूक लागेल असं वाटतही नव्हतं.

नवरा पाटबंधारे खात्यातून निवृत्त. कुठल्याही कामाचं आधी सर्वेक्षण, मग अंदाजपत्रक, मग मंजुरी. घरातला नळ गळत होता तेव्हाही हाच क्रम झाला आणि नळ बराच काळ गळला. आता त्याने दोनशे पानी वही काढली, वर 'नॉर्डिक भोजन : पूर्वतयारी' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

सर्वेक्षणातून निघालं ते असं. २००३ साली कोपनहेगनमध्ये, बंदरावरच्या एका जुन्या गोदामात, रेने रेडझेपी आणि क्लाउस मायर यांनी 'नोमा' उघडलं. तोपर्यंत त्या शहरात भारी जेवण म्हणजे फ्रेंच जेवण. यांनी ठरवलं, उत्तरेत जे उगवतं आणि पोहतं तेवढंच रांधायचं. पुढच्या वर्षी बारा शेफ एकत्र आले आणि नव्या नॉर्डिक स्वयंपाकाचा दहा कलमी जाहीरनामा निघाला : शुद्धता, ताजेपणा, साधेपणा, ऋतूचं भान वगैरे. दहा कलमं म्हटल्यावर नवऱ्याला एकदम आदर वाटू लागला. "बघ, शासननिर्णय निघाल्याशिवाय तिकडेही पान हलत नाही."

अडचण एवढीच, की उत्तरेत अर्धं वर्ष फारसं काही उगवतच नाही. मग ही मंडळी रानात आणि समुद्रकाठी हिंडून शेवाळं, पाइनचे कोंब, सी बकथॉर्नची आंबट फळं गोळा करू लागली. उरलेलं आंबवून, मुरवून, वाळवून ठेवू लागली. डेन्मार्कात लिंबू होत नाही. मग आंबटपणाला काय घालावं? रेडझेपींनी मुंग्या घातल्या. मुंगीच्या अंगात फॉर्मिक आम्ल असतं, त्यामुळे ती जिभेला लिंबासारखी लागते. आपल्याकडे ताटात मुंगी निघाली तर गल्ल्यापर्यंत भांडण जातं, तिकडे तिचे आगाऊ पैसे भरायचे. खरं सांगायचं तर बस्तरमधली माणसं लाल मुंग्यांची चटणी याच आंबटपणासाठी पिढ्यान्पिढ्या वाटताहेत. त्यांच्या पाट्याला कुणी उत्तम जेवणाचा मिशलिन तारा लावल्याचं मी ऐकलेलं नाही. पण ते असो, मंजुरी मिळण्यापूर्वी भांडण नको.

'नोमा' पाच वेळा जगातलं सर्वोत्कृष्ट रेस्टॉरंट ठरलं : २०१०, २०११, २०१२, २०१४ आणि २०२१. आणि जानेवारी २०२३मध्ये खुद्द रेडझेपींनीच जाहीर केलं, की या पद्धतीच्या रेस्टॉरंटचं गणित बसत नाही, आम्ही नेहमीचं रेस्टॉरंट बंद करून प्रयोगशाळा करणार. त्याच्या थोडंच आधी त्यांनी तिथे शिकायला येणाऱ्या उमेदवारांना पगार द्यायला सुरुवात केली होती. तोवर ती पोरं बिनपगारी राबत होती. हे वाचून नवऱ्याने चष्मा काढला. "मुळात एस्टिमेटच चुकलं. मजुरी शून्य धरून दर काढला की कधीतरी हे व्हायचंच." वहीत 'नोमा'वर काट पडली.

पुढचं नाव 'अल्केमिस्ट'. जुन्या गोदीच्या भागात, रास्मुस मुंक यांचं. पदार्थ पन्नासच्या घरात, डोक्यावर भलामोठा घुमट आणि त्यावर चालणारी चित्रं. एक पदार्थ भल्यामोठ्या डोळ्यातून खायचा, तो आपल्याकडे रोखून बघत असताना. आणखी एक चमच्याऐवजी रबरी जिभेवरून चाटायचा. "चारचौघांत?" मी विचारलं. भाची म्हणाली, "मावशी, ती कला आहे." असेल. पण मी तीस वर्षं मुलांना ताट चाटू नका असं सांगितलेलं आहे. फेरो बेटांवरचं 'कॉक्स' चांगलं वाटत होतं, तर ते मधल्या काळात ग्रीनलंडमधल्या इलिमानाक नावाच्या खेड्यात हललं होतं. तिथे होडीने पोचायचं, बाजूने हिमनग. ताटाशी बसेपर्यंत उलट्या तरी होतील नाहीतर थंडी वाजून ताप तरी येईल, असा शेरा मारून नवऱ्याने तेही पान उलटलं.

उरलं 'जेरेनियम'. हे आहे पार्कन नावाच्या फुटबॉल स्टेडियममध्ये, आठव्या मजल्यावर. खाली डेन्मार्कचा संघ खेळतो, वर माणसं जेवतात. शेफ रास्मुस कोफोएड. बोक्यूज द'ओर नावाची स्वयंपाक्यांची मोठी स्पर्धा फ्रान्सात लियोंला भरते, तिथे यांना २००५मध्ये कांस्य, २००७मध्ये रौप्य आणि २०११मध्ये सुवर्ण मिळालं. नवऱ्याला हे फार आवडलं. "याला म्हणतात सेवाज्येष्ठतेने बढती." २०१६मध्ये मिशलिनचे तीन तारे, २०२२मध्ये जगात पहिला क्रमांक. आणि त्याच वर्षाच्या सुरुवातीला कोफोएडसाहेबांनी मांस कायमचं बंद केलं, कारण ते स्वतःच खात नव्हते. मासे आणि शिंपल्या मात्र चालू. हे तर अगदी आमच्याच घरासारखं. आम्ही मूळचे मालवणकडचे, मटण कधीमधी, मासा बाजारात असेल त्या दिवशी.

त्यांचा एक प्रसिद्ध पदार्थ म्हणजे लांबट शिंपला. दिसायला हुबेहूब समुद्रातून काढल्यासारखा, पण कवच पिठाचं, कुरकुरीत, रंगवलेलं. कवचासकट खायचा. आम्ही जन्मभर शिंपल्या ताटाच्या कडेला काढून ढीग कुणाचा मोठा ते मोजत आलो. तिथे टरफल खायचं, आणि मला वाटतं पैसेही मुख्यतः त्याचेच.

पैशांचं सांगते. तेव्हा माणशी चार हजार क्रोनरच्या आसपास पडत होते. म्हणजे रुपयांत पन्नास हजारांच्या वर. पेयं वेगळी. भाची म्हणाली, मी देते. नवरा म्हणाला, लेकीबाळींचं घ्यायचं नसतं. मग त्याने पदार्थ वीसच्या आतबाहेर धरून दर काढला आणि माझ्याकडे गंभीरपणे बघितलं. "घासाला अडीच हजार. नीट चावायचं."

ही बातमी सोसायटीत पसरली तेव्हा भेटेल तो एकच विनोद करू लागला, "परत आल्यावर खिचडी टाकावी लागेल हो!" प्रत्येकाला वाटे, तो आपल्यालाच सुचला. मोठ्या पांढऱ्या ताटलीच्या मध्यभागी वाटाण्याएवढं काहीतरी, हे चित्र लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. वीस वाटाणे तीन-चार तास, मध्ये पाव आणि लोणी घेत खाल्ले तर माणूस उठताना टेबल धरून उठतो, हे भाचीने स्वानुभवाने सांगितलं. पण तयार विनोद हातात असताना माहिती कोण ऐकून घेतो?

व्हिसाच्या अर्जात प्रवासाचा हेतू विचारतात. पर्यटन, नातेवाइकांची भेट, व्यवसाय, वैद्यकीय उपचार असे पर्याय असतात. 'जेवण' नसतं. नवऱ्याला खोटं लिहवेना. "पर्यटन म्हणजे काहीतरी बघायला जाणं. आपण बघायला कुठे चाललोय?" शेवटी भाचीला भेटायला हे खरं कारण सापडल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. मग माणशी नव्वद युरो शुल्क, किमान तीस हजार युरोंचा आरोग्यविमा, बँकेचे कागद, आणि रोजचा कार्यक्रम. त्यात एका शुक्रवारपुढे त्याने लिहिलं : 'सायं. ६.३० ते १०.०० – भोजन.' मी म्हटलं, साडेतीन तास बघून वकिलातीतला माणूस संशय घेईल. त्याने कंसात 'सलग' असं घातलं.

तो शुक्रवार भाचीने मोठ्या मुश्किलीने मिळवला होता. जागा उघडल्या उघडल्या संपतात म्हणून ती घड्याळ लावून बसली होती. पैसे भरून झाले, तिचा व्हॉट्सॲपवर निरोप आला, "काका, झालं!!" आणि नवरा सवयीने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ती तारीख बघायला गेला. बराच वेळ वळलाच नाही. चौकोनात लाल रंगाचा छोटा गणपती होता.

संकष्टी तो फार पूर्वीपासून करतो. एका धरणाच्या कामाची चौकशी लागली होती, तीतून सहीसलामत सुटला तेव्हापासून. त्यामुळे 'एक महिना सोड' असं म्हणायची सोय नाही. आलेलं टेबल परत जाणार नाही, गणपतीचंही टळणार नाही. "चंद्रोदयानंतर जेवायचं ना, काका? मग प्रश्न काय आहे?" असं म्हणून भाचीने तिकडचा चंद्रोदय शोधला. उन्हाळ्यात कोपनहेगनला सूर्यच मुळी दहाच्या सुमारास मावळतो. चंद्र चतुर्थीला मध्यरात्रीच्या आसपास. म्हणजे चंद्र वर येणार तेव्हा कोफोएडसाहेबांच्या स्वयंपाकघरात फरशी पुसून झालेली असणार.

गुरुजींना फोन झाला. ते म्हणाले, ज्या गावी असाल तिथला चंद्रोदय. पर्याय विचारला तर म्हणाले, फराळाचं चालेल. पन्नास हजार रुपये भरून साबुदाणा मागायचा या कल्पनेने भाची फोनवरच हसू लागली, नवरा मात्र त्याच्यावर खरोखर विचार करू लागला होता.

तेवढ्यात आतून सासूबाई आल्या. वय नव्वदीकडे, ऐकू कमी येतं, पण अडचण बरोबर ऐकू येते. "नवस कुठे बोललास?"

"इथेच. पुण्यात."

"मूर्ती कुठे आहे?"

"देव्हाऱ्यात."

"मग त्याला दिसणारा चंद्र धर. तो काय तुझ्याबरोबर विमानात बसणार आहे?"

दिनदर्शिकेत पुण्याचा त्या दिवशीचा चंद्रोदय रात्री ९ वाजून ५३ मिनिटं. उन्हाळ्यात डेन्मार्क आपल्या साडेतीन तास मागे. नवऱ्याने वहीत वजाबाकी केली, खाली रेघ मारली, पुन्हा केली. ६ वाजून २३. टेबल साडेसहाचं! सात मिनिटांत लिफ्टने आठव्या मजल्यापर्यंत आरती सहज होते, फक्त टाळ्या हळू वाजवायच्या. त्याच्या चेहऱ्यावर धरणाच्या चौकशीचा निकाल आला त्या दिवशीचं तेज होतं. "विचार कर," तो मला म्हणाला, "दिवसभर उपास, म्हणजे पोट रिकामं. चंद्रोदय वेळेवर. समोर जगातलं उत्तम जेवण. अशी संकष्टी मुंबई-पुण्यात कुणाच्या वाट्याला आली असेल?" गुरुजींना पुन्हा फोन करायचा नाही, असं सर्वानुमते ठरलं.

राहिला मासा. उपास सोडतानाही त्या दिवशी मासा चालत नाही, कांदा-लसूणही नाही. अशा ठिकाणी आहाराची पथ्यं आधीच कळवायची असतात. भाचीने एका ओळीत मसुदा केला : पाहुण्यांपैकी एकजण शाकाहारी. नवऱ्याने तो अडवला. "मी शाकाहारी नाही. उद्या कुणी विचारलं तर? आदल्या दिवशी मी तिथेच कुठेतरी हेरिंग खात असेन, आणि कुणीतरी बघितलं तर?" पत्र त्याने स्वतः लिहायला घेतलं. भाचीने त्याचं इंग्रजी करायचं.

'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर इसम एरवी मत्स्याहारी असून, केवळ नमूद दिनांकास धार्मिक कारणास्तव मत्स्य, शिंपलावर्गीय पदार्थ, कांदा व लसूण वर्ज्य राहतील. तथापि शिंपल्याचे पिठाचे कवच हे शाकाहारी असल्याची खात्री झाल्यास ते रिकामे वाढण्यास हरकत नाही. सोबतच्या दोन महिला पाहुण्यांच्या मत्स्याहारात यामुळे कोणतीही कपात करण्यात येऊ नये. सदर इसमाच्या वाटचे मासे त्यांच्याकडे वर्ग केल्यास आभारी राहू.'

शेवटची ओळ माझ्या आग्रहाखातर आहे.

भाची म्हणाली, "काका, हे डॅनिश लोक आहेत. त्यांना 'वर्ग करणे' मी कसं सांगू?" तिने तरी काहीतरी केलं आणि पत्र पाठवायच्या बेतात होती, इतक्यात सासूबाईंनी पलंगावरून विचारलं, "आणि मोदक?"

"आजी, नाही. मोदक नाही विचारायचे."

"का नाही?" नवरा म्हणाला. "जगात पहिला नंबर आलेला माणूस आहे. शिंपल्याचं खोटं कवच करतो, त्याला उकड काढता येणार नाही?" आणि त्याने वहीत नवीन मुद्दा घातला : 'नैवेद्याकरिता उकडीचे मोदक, नग पाच, शक्य झाल्यास.'

"कळ्या किमान अकरा पडायला हव्यात," मी म्हणाले, "हेही लिहा. नाहीतर पुरचुंडी करून आणून ठेवतील आणि आपल्याला म्हणतील, ती कला आहे."