कार्यालयीन विदा वेशीबाहेर नेण्याचा शास्त्रोक्त विधी

विषय आणि प्रयोजन

कर्मचाऱ्यांची पगारपत्रके, ठेवीदारांच्या याद्या, ग्राहकांचे आधार व पॅन क्रमांक, उघडण्यापूर्वीच्या निविदांचे दर अशी जी माहिती कार्यालयात साठत जाते, तिला शास्त्रीय परिभाषेत विदा आणि कार्यालयीन परिभाषेत डेटा असे म्हणतात. ही विदा जोवर कागदावर होती आणि लाल फितीने बांधून लोखंडी कपाटात पडलेली होती, तोवर ती बाहेर नेणे कष्टाचे काम होते, कारण गठ्ठा काखोटीला मारून निघालेला माणूस फाटकावरच्या पहारेकऱ्याला दुरूनच दिसत असे. मोबाइल, लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह या साधनत्रयीने हे कष्ट संपवले असून अख्ख्या तालुक्याची विदा आता शर्टाच्या खिशात मावते आणि प्रसंगी त्या शर्टाबरोबर वॉशिंग मशीनमध्येही फिरून येते. इतकी सोय झालेली असताना विदा कार्यालयातच पडून राहावी हा साधनांचा अवमान ठरेल, म्हणून ती बिनबोभाट बाहेर कशी न्यावी याचे विवेचन येथे केले आहे. ज्या मोजक्या वाचकांना विदा सांभाळण्याची विचित्र हौस असेल, त्यांनी प्रत्येक सूचनेच्या नेमके उलट वागावे.

अधिकारविचार

या विधीसाठी संगणकशास्त्राचे ज्ञान लागत नाही. अंधाऱ्या खोलीत बसून भराभर कळा बडवणारा कोणी तरुण विदा पळवतो असा समज चित्रपटांनी रूढ केला असला, तरी त्याच्या येण्याची वाट न पाहता हे कार्य कार्यालयातील सुस्वभावी मंडळी सहज पार पाडू शकतात. साधकाच्या अंगी एकच गुण असावा लागतो आणि तो म्हणजे भीड. साहेबांना, सहकाऱ्याला, मेहुण्याला किंवा शेजारच्या प्रवाशाला ज्याच्या तोंडून ‘नाही’ निघत नाही, तो या शास्त्राचा जन्मजात अधिकारी समजावा. भीड ही भिकेची बहीण असल्याचे जुने लोक सांगत आले आहेत. ती विदेची सख्खी मावशी असल्याचे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

चांगुलपणा या कामी किती उपयोगी पडतो, हे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दाखवून दिले आहे. संशोधकांनी विद्यापीठाच्या आवारात २९७ पेनड्राइव्ह मुद्दाम टाकून ठेवले. पहिल्यातील फाइल अवघ्या ६ मिनिटांत उघडली गेली आणि एकूण ४५ टक्के पेनड्राइव्हमधील फाइली कोणी ना कोणी उघडून पाहिल्या. कारण विचारल्यावर उत्तर देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी, वस्तू ज्याची त्याला परत करायची होती, असे सांगितले. सापडलेला पेनड्राइव्ह कार्यालयीन संगणकाला लावताच त्यातील घातक प्रणाली संगणकात उतरू शकते, ही गोष्ट परोपकाराच्या आड येऊ देऊ नये.

साधनविचार : पेनड्राइव्ह आणि झेरॉक्सचे दुकान

पेनड्राइव्ह हे आद्य साधन होय. तो सर्वांचा मिळून एकच असावा, त्याला गणपतीचे चित्र असलेली किचेन लावलेली असावी आणि त्यात ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नवीन’ व ‘हीच फायनल’ अशा नावांच्या फाइली, लग्नाचे फोटो आणि मागील तीन वर्षांची पगारपत्रके गुण्यागोविंदाने नांदत असावीत. कार्यालयाचा प्रिंटर बंद पडणे हा या साधनाचा मुहूर्त मानतात. मग पेनड्राइव्ह घेऊन तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जावे. तेथील संगणकाच्या पडद्यावर सकाळपासून येऊन गेलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचे उतारे, आधारकार्डे आणि जातीचे दाखले आधीच दाटीवाटीने बसलेले असतात. दुकानदार आपलीही फाइल त्यांत ओढून घेतो, प्रिंट काढतो, प्रतीमागे ठरलेले पैसे घेतो आणि फाइल तेथेच राहते. पेनड्राइव्ह आणला नसल्यास काउंटरला चिकटवलेल्या कागदावर व्हॉट्सॲप क्रमांक लिहिलेला असतो, त्यावर फाइल धाडावी. ‘डिलीट करा हां’ असे बजावून दुकानातून निघणे शिष्टसंमत आहे. डिलीट केल्याने संगणक सहसा त्या फाइलची सूचीतील नोंद तेवढी काढून टाकतो आणि मूळ मजकूर त्याच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत पुष्कळदा परत मिळवता येतो, हा तपशील बजावणाऱ्याला व ऐकणाऱ्याला सारखाच अज्ञात असल्याने दोघांचेही समाधान होते.

विदा कोणी थोडी मागितली, तर सगळी द्यावी, असा एक उपनियम आहे. ब्रिटनच्या महसूल व सीमाशुल्क खात्याने २००७ मध्ये त्याचे आदर्श पालन केले. लेखापरीक्षकांनी बाल अनुदानाच्या नोंदींतून बँक खात्यांसारखे तपशील वगळून मिळावेत असे आधी सुचवले होते. पण वगळण्याचा खर्च कोण करणार, म्हणून खात्याने सुमारे अडीच कोटी लोकांच्या संपूर्ण नोंदी दोन सीडींवर भरल्या आणि नोंदणी न करता अंतर्गत टपालाने पाठवून दिल्या. त्या सीडी लंडनला पोहोचल्या नाहीत आणि पुढेही सापडल्या नाहीत. खात्याच्या अध्यक्षांना मात्र पद सोडावे लागले.

प्रत्यक्ष विधी

विधीचा आरंभ वरिष्ठांकडून व्हावा, अशी परंपरा आहे. ‘अहो, ती यादी जरा व्हॉट्सॲपला टाका ना, मी मीटिंगमध्ये आहे,’ असा फोन येतो. कार्यालयीन ईमेल उघडायला पासवर्ड, मग मोबाइलवर येणारा संकेतांक, मग मंद चालणारी प्रणाली असे तीन टप्पे ओलांडावे लागतात आणि साहेबांना यादी दोन मिनिटांत हवी असते, त्यामुळे लिपिक ती आपल्या खासगी मोबाइलवर घेतो आणि पुढे ढकलतो. शंका निघालीच, तर ‘व्हॉट्सॲप एन्क्रिप्टेड आहे’ हे वचन म्हणावे. एन्क्रिप्शन म्हणजे मजकूर किल्लीविना वाचताच येऊ नये अशा सांकेतिक रूपात बदलणे. ते मजकुराला वाटेत सांभाळते, पण दोन्ही टोकांच्या मोबाइलवर तो वाचनीय रूपातच उतरतो, तेथून गॅलरीत जातो आणि गॅलरीतून मालकाच्या खासगी क्लाउड खात्यात त्याची आपोआप प्रत निघू शकते.

यादी एकट्या साहेबांना न पाठवता कार्यालयाच्या ग्रुपवर टाकणे अधिक फलदायी ठरते. या ग्रुपमध्ये बदली झालेले, राजीनामा देऊन प्रतिस्पर्धी संस्थेत गेलेले आणि निवृत्त होऊन दररोज पहाटे सुविचार पाठवणारे असे सर्वजण असतात, कारण कोणाला ग्रुपमधून काढणे बरे दिसत नाही.

प्रवास हा विधीचा दुसरा काळ. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर सरकून बसणाऱ्या चौथ्या प्रवाशाला बसायला जागा जेमतेम मिळते, पण वाचायला शेजाऱ्याचा पडदा पूर्ण मिळतो. पडद्याला लावायची गोपनीयता काच, जी बाजूने पाहणाऱ्याला अंधारच दाखवते, ती लावून त्याचा हिरमोड करू नये. पुणे-मुंबई प्रवासात लॅपटॉप उघडून निविदेचे आकडे फोनवर खणखणीत आवाजात सांगावेत, म्हणजे घाट संपेपर्यंत डब्यातील इच्छुक ठेकेदारांना आपापला दर ठरवता येतो. हॉटेलात उतरल्यावर पासवर्ड नसलेले वायफाय वापरावे आणि स्वच्छतागृहात जाताना लॅपटॉप समोरच्या अनोळखी गृहस्थांवर सोपवून ‘जरा लक्ष ठेवा’ असे सांगावे.

घरी परतल्यावर मोबाइल लहान मुलाच्या हाती द्यावा. कुलपाचा अंक त्याच्याच जन्मतारखेचा असल्याने त्याला अडचण येत नाही. तो त्यावर तीन खेळ उतरवून घेतो आणि प्रत्येक खेळ जी जी परवानगी मागेल ती उदार मनाने देऊन टाकतो.

विघ्नविचार

साधकाच्या मार्गात पुढील विघ्ने येऊ शकतात, म्हणून त्यांची ओळख करून देणे भाग आहे. पहिले विघ्न म्हणजे संपूर्ण डिस्कचे एन्क्रिप्शन. लॅपटॉपला नुसता लॉगिन पासवर्ड ठेवणे म्हणजे दाराला कुलूप लावून मागची भिंत न बांधणे होय, कारण डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की तो पासवर्ड आडवा येत नाही. विंडोजमधील बिटलॉकर किंवा मॅकमधील फाइलव्हॉल्ट चालू असल्यास मात्र चोराच्या हाती लॅपटॉप लागतो, विदा लागत नाही. दुसरे विघ्न अँड्रॉइडमधील कार्य-प्रोफाइलचे. त्यात कामाची ॲप वेगळ्या कप्प्यात राहतात, त्यांच्या चिन्हांवर छोटी ब्रीफकेस दिसते आणि कर्मचारी नोकरी सोडून गेला की संस्था त्याच्या फोटोंना हात न लावता फक्त तो कप्पा पुसू शकते. तिसरे विघ्न दूरस्थ पुसणीचे, म्हणजे हरवलेले उपकरण इंटरनेटला जोडले जाताच लांबूनच रिकामे करण्याच्या सोयीचे. चौथे नियमित अद्ययावतीकरणाचे असून ‘उद्या आठवण करा’ हे बटण दररोज दाबून ते टाळता येते. पाचवे विघ्न सर्वांत साधे आहे : जी विदा मोबाइलवर घेतलीच नाही, ती मोबाइलबरोबर हरवत नाही.

प्रायश्चित्तविचार

उपकरण हरवल्यावर प्रथम कोणाला सांगू नये. दोन-तीन दिवस बॅगेचे कप्पे, रिक्षा आणि सासुरवाडी धुंडाळावी. सर्ट-इन, म्हणजे संगणकीय घातपातांच्या प्रसंगी काम करणारी केंद्र शासनाची यंत्रणा, हिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार विदागळतीसारख्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत संस्थेने कळवायच्या असतात; परंतु कर्मचारी साहेबांच्या भीतीने तिसऱ्या दिवशी तोंड उघडत असेल, तर संस्थेचा नाइलाज होतो. मोबाइलचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक, जो *#०६# दाबल्यावर दिसतो, तो आधीच लिहून ठेवला असला तर पोलिसांत तक्रार नोंदवून ‘संचार साथी’ संकेतस्थळावरून हँडसेट बंद पाडता येतो, म्हणून तो लिहून ठेवू नये. दंडाची चिंता कर्मचाऱ्याने करू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची जी तरतूद आहे, ती विदा बाळगणाऱ्या संस्थेसाठी आहे.

पत्रकार परिषद घ्यावीच लागली, तर जपानमधील अमागासाकी शहराचा कित्ता गिरवावा. तेथे जून २०२२ मध्ये नगरपालिकेने नेमलेल्या कंपनीचे काम करणारा एक कर्मचारी शहरातील सर्व म्हणजे सुमारे ४ लाख ६० हजार रहिवाशांची विदा पेनड्राइव्हमध्ये घेऊन निघाला, काम आटोपल्यावर मद्यपानास बसला आणि रस्त्यातच झोपी गेला. जाग आली तेव्हा बॅग नव्हती. पेनड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेला होता, म्हणजे खरे तर अब्रू वाचली होती. पण जनतेला धीर देण्याच्या भरात एका अधिकाऱ्याने पासवर्ड अक्षरे आणि अंक मिळून १३ चिन्हांचा असल्याचे जाहीर करून टाकले आणि शहराचे नाव व साल मिळून नेमकी तेवढीच चिन्हे होतात का, याची मोजणी लोकांनी इंटरनेटवर सुरू केली. बॅग पेनड्राइव्हसह पुढे सापडली.

निर्णय

वरील विवेचनावरून असे दिसेल की, कुलपे तयार आहेत, ती फार महागही नाहीत आणि बरीचशी उपकरणांत आधीपासूनच बसवलेली आहेत. विदा बाहेर पडते ती संकोचाच्या वाटेने, आणि ती वाट वरून खाली उतरते : साहेब मागतात म्हणून लिपिक पाठवतो, आणि सरळ मार्ग अवघड करून ठेवला आहे म्हणून दोघेही आडमार्ग धरतात. तेव्हा संस्थाचालकांनी सुरक्षेचे परिपत्रक काढण्यापूर्वी कार्यालयीन ईमेल व्हॉट्सॲपइतका सोपा करावा, उपकरण हरवल्याचे त्याच तासात सांगणाऱ्याला ओरडू नये आणि नियम पहिल्यांदा स्वतःच्या मोबाइलला लावावा. ‘साहेब, ही यादी व्हॉट्सॲपवर नाही टाकता येणार,’ असे ज्या दिवशी एखादा लिपिक म्हणेल, त्या दिवशी त्याच्या वार्षिक गोपनीय अहवालात ‘अत्युत्कृष्ट’ असा शेरा मारावा. आणि तो अहवाल कृपया ग्रुपवर टाकू नये.