फिडरआप्पा

वळवाचं वारं सुटलं आणि नांदेडात तरोडा नाक्याकडची लाईट गेली, की बाकीचे मेणबत्त्या शोधतात. आप्पा चपला शोधतात. आधी गच्चीवरून पाहणी. समोरच्या गल्लीतही अंधार असला की त्यांचा जीव भांड्यात पडतो. "फिडरच बसलाय, सगळ्यांची गेलीय." समोर दिवे लखलखत असतील तर मात्र चेहरा उतरतो. "आपल्याच डीपीचा डीओ उडाला बघा." उकाडा सोसता येतो हो; समोरच्याचा फिरता पंखा सोसवत नाही.

आप्पा झेडपीचे निवृत्त मास्तर. विजेशी संबंध बिलापुरता. 2005 मध्ये वीज मंडळ जाऊन महावितरण आली, तरी आप्पांच्या तोंडी अजून 'एमएसईबी'च. गल्लीच्या ग्रुपवर जो तो "लाईट गेली का?" विचारत असतो. तक्रार कुणी केली? "केली असंल की कुणीतरी." तो कुणीतरी म्हणजे आप्पा. 1912 लावून बारा आकडी ग्राहक क्रमांक ते पाढा म्हटल्यासारखा एका दमात म्हणतात. लग्नाची तारीख मात्र अजून काकूंना विचारावी लागते.

मागच्या वादळात तार तुटून रस्त्यावर पडली. "लाईटच नाही, तर तारेत काय असणार?" म्हणत एक पोरगा काठी घेऊन निघाला. आप्पा वर्गात ओरडावं तसे ओरडले, "फिडर कधी चालू व्हायचा, हे तुझ्या आज्याला ठावं हाय का? अन् काठी ओली हाय, दिसंना का?" मग चांगलं अंतर राखून खुर्ची टाकली आणि भर पावसात बसून राहिले. पोरं, शेळ्या, घाईतले बुलेटवाले, सगळ्यांना त्यांनी माघारी धाडलं. शेवटी लाईनमन आला, तर त्याचीच उलटतपासणी. "परमिट घेतलं का? अर्थिंग केलं का?"

"काका, घेतलंय. का तुम्हीच चढता?"

शेजारच्या मांडवात बिनबोलावता शिरून त्यांनी जनरेटरवाल्यालाही धरलं होतं. "चेंजओव्हर कुठाय? उलटा करंट लाईनवर गेला तर खांबावरचा माणूस जाईल की!" मांडववाल्यांना वाटलं, म्हातारा जेवायला आलाय. वाढलं. आप्पा चेंजओव्हर बसल्यावरच पानावर बसले.

लातूरला औसा रोडवर त्यांचे व्याही राहतात. तेही याच वाणाचे. महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला, हा वाद सरकारदरबारी. या दोघांचा वाद कुणाची लाईट आधी आली, यावर. नांदेड परिमंडल वेगळं, लातूर वेगळं. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही, पण वारं सुटलं की फोन जातोच.

"आमची आली. तुमची?"

"आमची गेलीच नव्हती."

"मग टीव्हीचा आवाज येईना कसा?"

पलीकडं थोडा वेळ सामसूम. मग व्याही म्हणाले, "मोबाईलची बॅटरी उतरलीय, ठेवतो."