पेणचा दर्यावर्दी

मला खरं तर विंडसर्फिंग करायचं होतं. दोन्ही हातांत शिडाचा दांडा, मागे कललेलं अंग, केसांत वारा. यातला केसांचा मुद्दा सोडला तर बाकी सगळं जमण्यासारखं वाटत होतं. पण त्यासाठी गोवा गाठायचा आणि वर त्या फळीवर उभं राहायचं, आणि माझे गुडघे आता कुठल्याही खेळाला बसूनच संमती देतात. म्हणून कोलाडला कुंडलिका नदीत कयाक. बसल्या जागी पराक्रम. शिवाय रोहे तालुका म्हणजे माझी सासुरवाडी. बुडालोच तर ओळख पटवायला माणसं हाताशी.

"मी पेणचा आहे," असं मी शिकवणाऱ्या पोराला आल्या आल्या सांगून टाकलं. पुढचं त्याने समजून घ्यावं अशी अपेक्षा होती. पोरगं तिथलंच, विशीतलं.

"मग पोहता येतच असेल, काका."

मी लाइफ जॅकेटच्या पट्ट्यांमध्ये एकदम गढून गेलो.

आमच्या घराण्यात पाण्याचा वारसा मोठा आहे. पणजोबांचं मीठ अंतोऱ्याच्या बंदरातून मचव्यांनी मुंबईला जायचं. मीठ जायचं, पणजोबा ओटीवर सुपारी कातरत बसायचे. पेणच्या माणसाचं पाण्याशी नातं हे असं, पाठवणाऱ्याचं. आणि गणपतींच्या बाबतीत तर आम्ही या नात्याची हद्द केली आहे. हमरापूर, जोहे या बाजूला जा, वर्षाचे बारा महिने घरोघरी कारखाने चालू. पडवीत, माडीवर, बाजेखाली, जागा मिळेल तिथे कच्च्या मूर्ती. पाहुण्याला बसायला पाट नसेल, पण त्याच्याभोवती पन्नास गजानन बसलेले असतात. अमेरिकेला निघालेले गणपती आपल्याकडे पाऊस पडायच्या आधीच कंटेनरमध्ये चढतात. म्हणजे समुद्र ओलांडण्याचा पेणमधला सगळ्यात दांडगा अनुभव मूर्तींना आहे. माणसं मांडव्याच्या लाँचमध्येही आधी बाकाखाली लाइफ जॅकेट आहे का ते बघतात. डोळ्यांची आखणी करणारा आमचा एक शेजारी आहे. हजारो देवांना त्याने दृष्टी दिली असेल. विसर्जनाला मात्र तो गुडघाभर पाण्यापलीकडे जात नाही. "आपलं काम डोळ्यापर्यंत," म्हणतो. "पुढचं ज्याचं त्याने बघावं."

आता विषय निघालाच आहे तर शाडू आणि प्लास्टर यांचंही सांगतो, कारण पेणच्या माणसाला या विषयावर थांबवता येत नाही. शाडूचा गणपती जड, वाहतुकीत नाजूक, पण पाण्यात गेला की मुकाट विरघळतो. प्लास्टरचा हलका, आतून पोकळ, वरून रंगरंगोटी झकास. पोटापाण्याला बरा. पण पाण्यात त्याचं काय करायचं हे त्याला स्वतःलाच कळत नाही. धड बुडत नाही, धड विरघळत नाही. मग दुसऱ्या दिवशी ओहोटीला कुणीतरी त्याला काठावर ओढून घेतं. यावर कोर्टात किती वर्षं वाद चालले, बंदी आली, सवलत आली, समित्या बसल्या. मी स्वतः कट्ट्यावर दोन्ही बाजूंनी तावातावाने बोललेलो आहे. पण खरा निकाल मला कुंडलिकेत मिळाला. कयाक उलटली, जॅकेटने मला वर फेकलं, आणि एक हात उंच करून, पोट आभाळाकडे, मी वाहत निघालो. मी प्लास्टरचा होतो.

"पाय वर, काका! उभं राहू नका! दगडात पाय अडकंल!"

उभं राहण्याचा माझा विचारच नव्हता. काठावरची एक मुलगी मोबाइल घेऊन उभी आहे, एवढंच दिसत होतं आणि मी चेहऱ्यावर मुद्दामहून वाहत असल्याचा भाव आणायच्या खटपटीत होतो.

कयाकचं शास्त्र असं. वेगवान नदीतली कयाक आखूड असते, बुडाला गोलसर, पटकन वळावी म्हणूनच तशी केलेली. नवशिक्याला ते माहीत नसतं. तो उजवीकडे जोर लावतो, ती डावीकडे फिरते. तो घाबरून डावीकडे जोर लावतो, ती मोठ्या आनंदाने गिरकी पूर्ण करते. वल्हं खांद्याने मारायचं नाही, कमरेतून फिरून मारायचं. माझी कमर कुठून सुरू होते यावर आमच्या दोघांचं एकमत व्हायलाच बराच वेळ गेला. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, आडवे होऊन खडकावर आपटायची वेळ आली तर खडकाकडे झुकायचं. त्याच्यापासून लांब झुकलात की वरून येणारं पाणी कड दाबतं आणि तुम्ही उलटे. बँकेत सदतीस वर्षं मी प्रत्येक खडकापासून लांब झुकून काढली, बढत्याही त्याच जोरावर घेतल्या. आता हा पोरगा म्हणतो, मिठी मारा.

ही नदीही सरळ नाही. कोकणातल्या नद्या दिवाळी उलटली की दगड दाखवायला लागतात. कुंडलिका मे महिन्यातही सकाळी भरून येते, कारण तिच्यातलं हे पाणी घाटावरचं आहे. मुळशीचं. जे मुळेतून भीमेकडे, पूर्वेला जायचं, ते धरणाने अडवून सह्याद्रीतून भिऱ्याला खाली आणलं. १९२७ पासून तिथे मुंबईसाठी वीज तयार होते, आणि जनित्रं फिरवून झाली की पाणी कुंडलिकेत येतं. म्हणून राफ्टवाल्यांची घाई सगळी सकाळची. "मुंबईत गिझर लागले की आपली नदी चालू," असं आमचा गुरू सांगतो.

या धरणाविरुद्ध १९२१ साली मावळातले शेतकरी उठले होते. पांडुरंग महादेव बापट त्याच लढ्यात सेनापती झाले, तुरुंगातही गेले. लढा हरला. गावं, देवळं, भाताची खाचरं पाण्याखाली गेली. शाळेत हे मला टिपा लिहा या सदरात यायचं. त्या पाण्यावर मी पैसे देऊन हेल्मेट घालून तरंगतो आहे, हे नाकातोंडात पाणी गेल्यावर आठवलं. त्या आधी नाही.

आणि लांब कशाला जायचं? मीठ पाठवलं, गणपती पाठवले, आता पेण पाणीही पाठवतं. हेटवण्याचं धरण आमच्या तालुक्यात, त्याचं पाणी नवी मुंबईला. इकडे खारेपाटात वाशी, शिर्की, वढाव, तीन बाजूंना खाडी, आणि उन्हाळा लागला की बायका हंडे मांडून टँकरची वाट बघतात. धरण असलेल्या तालुक्यात टँकर. निवडणुकीगणिक पाइपलाइनची भाषणं ऐकत तिथल्या पोरी सासरी गेल्या, त्यांच्या पोरीही हंडा उचलण्याएवढ्या झाल्या. यावर मला विनोद सुचत नाही, आणि सुचला तरी करणार नाही.

वढावला माझी मावशी आहे. ऐंशीच्या पुढची, खणखणीत. परवा गेलो तेव्हा चहा यायच्या आतच मी फोन काढून तिला माझा व्हिडिओ दाखवला. अर्थात उलटण्याच्या आधीचा भाग. माझ्या बायकोने "अहो, पुढचाही दाखवा की" म्हटलं, ते मी ऐकलं नाही. मावशीने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"एवढं पानी! कुठचं रे?"

"मुळशीचं. कोलाडला येतं."

"गोडं?"

"गोडं."

"मग त्यात बसलास कशाला?"

मी पुढचा फोटो लावला. त्यात माझं हेल्मेट सरळ होतं आणि पोट वल्ह्याआड गेलं होतं.