आबांची चिमूट

आपल्याला तंबाखूचं व्यसन आहे, हे आमच्या आबांनी कधी कबूल केलं नाही. व्यसन लागतं ते बिनकारणी खाणाऱ्याला. आबांकडे कारण असायचं, आणि वयाप्रमाणे ते बदलायचं.

पहिलं कारण मिसरूड फुटायच्या आधीचं. कोरेगावकडं गुरं राखणाऱ्या पोरांत ज्याच्या ओठात चिमूट, तो बाप्या. आबांनी आज्याच्या चंचीतली तंबाखू लांबवली, चुना लावून ओठात धरली, आणि वरची बाभळ गरगरा फिरायला लागली. ओकून ओकून पोरगं आडवं झालं, गुरं आपली आपण घरी आली. तरी दुसऱ्या दिवशी आबा बाभळीखाली हजर. "पयल्यांदा समद्यांनाच लागती," हे वर.

मग मुंबई, गिरणी आणि रातपाळी. खात्यात सगळीकडं कापूस उडायचा, तिथं विडी पेटवायची बंदी. म्हणून ओठात तंबाखू. "डुलकी लागून हात साच्यात गेला असता म्हंजे? तंबाखूनं हात राखलं माझं." ह्याला कोण काय बोलणार! १९८२ च्या संपात गिरणी गेली, रातपाळी गेली, आबा गावी आले. आता सुटायला हरकत नव्हती. पण तेवढ्यात चाळिशी आली आणि पोट तक्रार करू लागलं. "सकाळी हिच्याबिगर साफ हुईत न्हाई." यात तथ्य आहे, निकोटिन आतड्यांना चाळवतं. पण पोटाला ही सवय लावली कुणी, असं विचारलं की आबा तांब्या उचलायचे.

साठीत दाढ दुखायला लागली. तंबाखू धरली की ठणका कमी होतो म्हणे. शेवटी दाढ काढली. कारण मुळासकट गेलं, तर आबा म्हणाले, "आता ती जागा मोकळी मोकळी लागती."

सत्तरीनंतरचं कारण माणसांचं. पारावर अनोळखी कुणी टेकला की आबांची दुतोंडी डबी निघते. एका तोंडात तंबाखू, दुसऱ्यात चुना. डाव्या तळहातावर चिमूट, त्यावर नखानं बेतानं चुना, आणि उजवा अंगठा फिरायला लागतो. चुन्यामुळं निकोटिन मोकळं होतं, तोंडाच्या अस्तरातून झटक्यात रक्तात जातं. आबांच्या शास्त्रात याला 'लागणं' म्हणतात. मग दोन थापा. भुकटी उडते, शेजारचा शिंकतो. तेवढ्यात पाहुण्याचं गाव, भावकी आणि सोयरीक, सगळं निघालेलं असतं. चिमूट खालच्या ओठात गेली की पुढचा अर्धा तास आबा नुसतं "हूं" म्हणतात आणि पाहुणा बोलत राहतो. आम्हा बाकीच्यांना आबा एवढं ऐकून घेत नाहीत.

एकदा धाकट्या नातवाच्या खिशात पुडी सापडली. कॉलेजातलं पोरगं, म्हणालं, "टेन्शन असतं, आबा." आबा उसळले, "तुझ्या वयात कसलं टेन्शन? कारण तरी धड सांग!" पोरगं खायचं याच्याइतकाच राग त्याच्या कच्च्या कारणाचा होता.

पुडीवर आता पंच्याऐंशी टक्के जागेत इशारा आणि सडलेल्या जबड्याचं चित्र असतं. आबा पुडी उलटी धरतात. त्यांच्याबरोबर गिरणीत असलेल्या एका सोबत्याचा अर्धा जबडा खरोखरच काढावा लागला होता. त्याला भेटून आले त्या दिवशी आबांनी डबी फडताळात टाकली.

आजीला वाटलं, सुटली एकदाची. आजी स्वतः तंबाखूला शिवत नाही. ती फक्त मिश्री लावते. तव्यावर तंबाखू काळीभोर भाजते, घरभर ठसका उठतो, पण ती 'दातांची', तंबाखूत धरत नाहीत. लग्न झालं तेव्हा दातांसाठी होती, बाळंतपणांनंतर पोटासाठी झाली, आता दात उरले नाहीत तरी हिरड्यांसाठी आहे.

डबी फडताळात गेली आणि आबांचं लक्ष घराकडं गेलं. भाजीत मीठ जास्त, सुनेचा फोन लांबतो, मांजर आळशी, पंखा कुरकुरतो. कधी नव्हे ते स्वयंपाकघरात येऊन त्यांनी आजीला भाकरी कशी थापावी ते सांगितलं. आजीनं ऐकून घेतलं. मग तव्यावरची भाकरी तव्यावरच ठेवून ती फडताळाशी गेली, डबी काढली आणि आबांच्या पुढ्यात आदळली.

"घ्या. आन पारावर जावा."

आबांनी डबी उघडून चुना वाळलाय का ते बघितलं. "तू म्हंतीस म्हणून खातो हां," म्हणाले आणि चपला शोधू लागले.